सातचा भोंगा आणि शरीराचे घड्याळ

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक नवा पायंडा पाडला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसत. तिकडे फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळेत मुलांच्या मोबाइल वापरण्यावर बंदी घातली. प्रश्न सर्वत्र एकच असल्यामुळे देशोदेशींच्या शाळांनी तो मिळून सोडवावा हे बरेच. मात्र दुसऱ्याचा नियम उचलण्यापूर्वी एक गोष्ट तपासू. सात वाजले म्हणजे नेमके काय झाले?

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जव्हार सुमारे ७३.२ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे जव्हारचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३७ मिनिटे मागे चालतो. शिवाय ऋतूंचा फरक आहेच. येथे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. फिनलंडमधील हेलसिंकी येथे तोच सूर्यास्त डिसेंबरात दुपारी सव्वातीनला आणि जूनमध्ये रात्री पावणेअकराच्या पुढे होतो! तेथील शाळेने ‘रात्री आठनंतर मोबाइल नको’ असे कळवले, तर तो आठचा ठोका उन्हातला की अंधारातला हे आधी विचारावे लागेल.

याला कारण आपला डोळा. दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या प्रकाशाची वर्दी मेंदूतील घड्याळाला देतात. डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी २००२ साली त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे दाखवले. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या विशेष संवेदनशील असतात. असा प्रकाश रात्री डोळ्यांत गेला, की झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते.

पण येथे घाई नको. भर दुपारच्या उन्हाचे प्रदीपन लाखभर लक्सपर्यंत जाते. मोबाइलचा पडदा डोळ्यांपाशी काही दशक लक्सच देतो. अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहाच मिनिटे जास्त लागली. माझ्या मते निळ्या प्रकाशाला जरा जास्तच बदनाम केले गेले आहे. ‘आणखी एकच व्हिडिओ’ म्हणत जाणारा तास त्याहून महाग पडतो.

आणि त्या प्रयोगात माणसे होती फक्त बारा! सरासरीतील अनिश्चितता निम्मी करायची, तर माणसे चौपट हवीत, हे तुम्ही सांख्यिकीत शिकाल. अनेक शाळा एकत्र आल्या तर हा आकडा सहज वाढतो. अशी जोडणी अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन येथील मुलांची इंटरनेटवरून गाठ घालून दिली होती. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

जव्हार-मोखाड्याच्या मुलांनी यात उतरावे असे मला वाटते, ते एका कारणाने. २०२२ च्या ‘पिसा’ पाहणीत ओईसीडी देशांतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना मोबाइल-संगणकामुळे आपले लक्ष उडते. त्या फेरीत भारत नव्हता. अशा आकड्यांवरून बेतलेले धडे स्वतःची खोली आणि स्वतःचा फोन असलेल्या मुलासाठी असतात. आपल्या पाड्यांवर एकच फोन घरभर फिरतो, बाबा कामावर गेले की तोही जातो, आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागते. येथे ‘दिवसाला दोन तास’ या नियमाला अर्थ काय उरतो? आपले आकडे नसतील तर आपल्यासाठी धडाही तयार होणार नाही.

शिक्षकांच्या मदतीने वर्गात दोन आठवडे नोंद ठेवा. नावाऐवजी क्रमांक घाला. पडदा शेवटी कधी बंद केला, झोप कधी लागली, जाग कधी आली, फोन कोणाचा होता आणि तो किती जणांनी वापरला, एवढे रकाने पुरेत. रात्रीच्या वेळा मात्र सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी अशा लिहा. तरच हेलसिंकीच्या वहीशेजारी तुमची वही ठेवता येईल.