दुपटं धुऊ नका

मैत्रिणीची लेक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि तिला दत्तक घेऊन तीन आठवडे झाले होते. सोफ्याच्या कडेला धरून उभी होती आणि मुठीत एक दुपटं. जुन्या सुती पातळाचं, दोनपदरी, कडेला हाताने घातलेले मोठे मोठे टाके. घर लखलखीत, त्यात ते एवढंच कळकट. मी पाहतेय हे मैत्रिणीच्या लक्षात आलं. म्हणाली, "शिशुगृहातल्या मावशींनी दिलंय. लसीचं कार्ड, औषधं, कागद सगळं देऊन झालं. आम्ही गाडीत बसणार तोच त्या मागून आल्या, हे हातात ठेवलं आणि म्हणाल्या, एवढ्यात धुऊ नका."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बालसंगोपनावरची पुस्तकं मी बरीच वाचली आहेत, पण इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी, रीतसर परवानगी काढून, मी त्या मावशींना भेटायला गेले. बाळांचे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत, या अटी मला आधीच मान्य होत्या.

सकाळी सात वाजता दार उघडलं की पहिल्यांदा वास येतो. कोमट खोबरेल, वेखंड, उकळत्या बाटल्यांची वाफ आणि न वाळलेले लंगोट. अकरा बाळं आणि दिवसपाळीला तीन मावश्या. वजनं होतात, नोंदवही भरली जाते, दूध मोजून दिलं जातं. मी बसले ती मोरीच्या उंबऱ्याशी, कारण मावशी तिथे होत्या.

पाटावर बसून त्यांनी पाय लांब सोडले होते आणि साडेचार महिन्यांचा एक मुलगा त्यांच्या नडग्यांवर उताणा, तोंड त्यांच्याकडे. कोपर बुडवून पाणी पाहिलं, तेल जिरवलं. मग तांब्या उचलला आणि लगेच ओतला नाही. "येणार... येणार हं पाणी..." पोराने श्वास धरला, डोळे मोठे केले, पोट आत घेतलं. "आलं!" पाणी छातीवरून ओघळलं आणि तो खदखदून हसला. तिसऱ्या तांब्याला त्याने तोंड फिरवलं. मावशींचा हात तिथेच थांबला. तांब्या तसाच हवेत धरून त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याने मान परत वळवली, तेव्हा पाणी पडलं.

मेरी एन्सवर्थ ही मानसशास्त्रज्ञ १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन बसत असे. २६ घरांतली बाळं आणि त्यांच्या आया तिने कित्येक महिने पाहिल्या. बाळाने खूण केली की आईला ती कळते का आणि कळल्यावर ती काय करते, यावर तिचं लक्ष होतं. त्या निरीक्षणांतून पुढे जे शास्त्र उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हवेत थांबलेला असा एक तांब्या आहे असं मला वाटतं. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे: लळा.

अधीक्षिकाबाईंशी बोलताना 'साठ दिवस' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. जन्मदात्रीने बाळ बालकल्याण समितीसमोर सुपूर्द केलं, तर फेरविचारासाठी तिला कायद्याने साठ दिवस मिळतात. मुदत रास्तच आहे. त्या बाईवर काय परिस्थिती आली असेल ते आपल्याला माहीत नसतं. साठ दिवस संपले की बाळ दत्तकासाठी मोकळं. मग पालकांची निवड, तपासण्या आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पण बाळाचं पहिलं ओळखीचं हसू साधारण दीड महिन्याला येतं, म्हणजे त्या साठ दिवसांच्या आतच. कागदावर ते बाळ अजून कोणाचंच नसतं, तेव्हा ते कोणाकडे तरी पाहून हसतं. समोर रोज तोच चेहरा असला तर हसू पक्कं होतं. मावशींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "साठ दिवस साहेब लोकांचे, ताई. पोराला काय थांबता येतंय?"

एकोणीस वर्षं त्या हे काम करतात. आधीच्या ठिकाणी (त्याचं नाव मी लिहीत नाही) दर आठवड्याला मावश्यांच्या खोल्या बदलत. नियमच होता: जीव लावायचा नाही, बाळ जाताना त्रास होतो. हेतू वाईट नसेल, पण नियम क्रूर होता. त्या खोल्यांतली बाळं लवकर शांत झाली, असं मावशी सांगतात. "शांत म्हणजे कशी? रडून कोणी येत नाही हे कळल्यावर पोर शांत होतं, तशी."

रुमानियात १९८९ साली चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांत गेलेल्यांनी हीच शांतता पाहिली होती. ओळीने पाळणे आणि रडण्याचा आवाज नाही. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवली. जी पोरं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांना लळा लागणं जास्त नीट जमलं. उशीर झालेल्यांना ते अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी देणगीदार आले. चौदा महिन्यांची एक मुलगी, नुकतीच दुसरीकडून आलेली, धावत येऊन पाहुण्यांच्या मांडीवर बसली. एकीकडून दुसरीकडे, सगळ्यांना हसत. "किती गुणी! कोणाकडेही जाते!" पाहुण्यांतल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मावशी मात्र दारातून तिच्याकडे काळजीने पाहत होत्या. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "कोणाकडेही जाते म्हणजे कोणाचीच नाही अजून. हिला परकं माणूस बघून रडायला आलं, की मी पेढे वाटीन."

मी तिसऱ्या दिवशीही गेले. आदल्या दिवशी दुपारनंतर मावशींची सुट्टी होती. त्या आत आल्या तेव्हा नऊ महिन्यांची एक पोर चटईवर होती. तिने पाहिलं, ओठ काढले आणि चक्क तोंड फिरवलं. मावशी शेजारी जाऊन नुसत्या बसल्या, उचलायची घाई केली नाही. मिनिटभराने ती रांगत आली आणि मांडीत डोकं खुपसून जोरात रडली. रडणं लगेच ओसरलं, पण पदर सुटला नाही. पुढची आंघोळ पोर कडेवर घेऊनच झाली.

त्या पोरीचा आदेश निघाला होता, आठवड्याने आई-बाबा येणार होते. मी विचारलं, मग आता तोडायला नको का थोडं? मावशींना प्रश्नच आवडला नाही. "तोडायचं कशाला? तिकडं जाऊन जोडायला तिला येतंय ना, हे बघायचं. एकदा लागलेला लळा दुसरीकडं लागतो. कधीच लागला नाही तर काय लागणार?"

जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि आईपासून तुटलेल्या बाळांकडे जगाचं लक्ष वेधलं. स्वतः बोल्बी मिनी नावाच्या दाईच्या हातावर वाढला. तो साधारण चार वर्षांचा असताना ती घर सोडून गेली आणि ते दुःख त्याला म्हातारपणापर्यंत आठवत होतं. मिनीला काय वाटलं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. मावशींचा पगार मी विचारला. त्यांनी सांगितला, आणि पुढचा प्रश्न मला सुचला नाही. पोर द्यायच्या दिवशी त्या काय करतात, हे अधीक्षिकाबाईंनी सांगितलं: गाडी फाटकाबाहेर गेली की मोरीत जाऊन दुपटी धुतात, नळ मोठा सोडून.

शेवटच्या दुपारी त्या खिडकीपाशी बसून एक जुनं पातळ फाडत होत्या. आठवडाभर आधी शिवायचं, रोज रात्री पोरीला त्यावर निजवायचं, म्हणजे वास मुरतो. टाके मोठे का घालता विचारलं, तर म्हणाल्या, बोटं अडकवायला बरे पडतात.

निघताना त्यांनी मैत्रिणीच्या लेकीची चौकशी केली. दात किती आले, वरण-भात खाते का.

"रात्री जागी झाली की कोणाला हाक मारते?"

"आईला."

"दुपटं शोधत नाही?"

"शोधते कधी कधी. पण आधी आई."

सुईत दोरा ओवून त्यांनी गाठ मारली.

"मग आता धुवा म्हणावं."