आरमाराचे लाकूड आणि धुऱ्यावरचा आंबा



गेल्या उन्हाळ्यात एका गावी गेलो, तर धुऱ्यावरच्या जुन्या आंब्यावर ठेकेदाराने चुन्याची खूण केलेली. "साहेब, पोरीचं लग्न आहे. चार पैसे येतील," भाऊ म्हणाले. त्यांची म्हातारी आई मात्र झाडाखालून हलेना. तिला पाहून मला शिवछत्रपतींचे आरमार आठवले. आंब्याचा नि आरमाराचा काय संबंध, म्हणाल. ऐका.

इ.स. १६५७ च्या सुमारास कल्याण-भिवंडी हाती येताच महाराजांनी जहाजे बांधायला घेतली. समुद्रावर तेव्हा पोर्तुगीज, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांचा दरारा. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. आपली गलबते लहान, पण उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला तरी वल्ह्यांवर पळणारी. १६७९ साली महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. रात्रीच्या अंधारात आपल्या होड्या त्यांना चुकवून रसद पोचवीत. त्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' जहाज मराठ्यांनी पकडले आणि खांदेरी स्वराज्यातच राहिले. पुढे १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. कान्होजी आंग्र्यांपुढे त्यांचे काही चालले नाही.

मग हे आरमार गेले कशाने? घरच्या भांडणाने. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळाली. भाऊबंदकीत धुरा पेटवला की दोघांचीही पिके जातात, तसेच झाले.

आता लाकडाचे. जहाजाला साग लागे. सागात अंगचे तेल असते. तो पाण्यात सहजी कुजत नाही, वाळवी सहसा लागत नाही. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या माणसाला हे सांगायला नकोच. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) आरमाराच्या लाकडाचे नियम दिले आहेत. साग परवानगीने तोडावा, कमी पडेल ते विकत आणावे. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. जबरदस्ती नको.

शत्रू दारात असतानाही राज्याने आंबा राखला, मग आपण घाईत का घालवावा? त्या घरी मी एवढेच बोललो. आंबा राहिला. त्याऐवजी बांधावरचा एक तयार साग विकायचे ठरले.

तुम्हीही ध्यानात ठेवा. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. मालकीचा साग असला तरी वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका, आणि मोजमाप झाल्याशिवाय भाव ठरवू नका. एक झाड गेले, तर पावसाळ्यात दोन लावा.