सणाची दगदग आणि आपली मर्यादा

श्रोतेहो, कोजागिरीचें दूध आटतें न आटतें तोंच घरोघरीं दिवाळीची चाहूल लागते. वसुबारसेला तेव्हां जेमतेम बारा दिवस उरलेले असतात. झाडलोट, अनारशांसाठीं तीन दिवस भिजत घालावयाचे तांदूळ, चकलीची भाजणी, करंज्यांचें सारण, नवे कपडे, पाहुण्यांचीं अंथरुणें, अशी कामांची रांग लागते. सण आनंदाकरितां असतो, असें आपण सारेच म्हणतों, परंतु भाऊबीज उलटल्यावर "झाली एकदांची दिवाळी!" असा सुस्कारा किती घरांतून ऐकूं येतो! त्या सुस्काऱ्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझाच अनुभव सांगतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका दिवाळींत मीं आठ जिनसांचा फराळ केला, आणि तोही दोन घरांना पुरेल इतका. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या वेळीं माझ्या पांच वर्षांच्या मुलाच्या हातून उटण्याची वाटी सांडली, आणि मीं त्याच्या पाठींत धपाटा घातला. तो रडला नाहीं. नुसता पाहत राहिला. नंतर त्यानें आजीला विचारलें, "आई दिवाळींत नेहमींच रागावते कां?" चकल्या त्या वर्षीं उत्तम साधल्या होत्या, पण त्याच्या लक्षांत राहणार होता तो धपाटा.

असें कां व्हावें? संकट समोर आलें म्हणजे मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून विशिष्ट स्राव रक्तांत मिसळतात. हृदय जलद चालूं लागतें, स्नायू ताठतात. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं या क्रियेचें विवेचन केलें. पुढें १९३६ मध्यें हान्स सेल्ये यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांतून असें दाखविलें कीं, कारण कोणतेंही असो, ताण लांबत गेला तर प्रतिकार करणारें शरीर अखेर थकतें. क्षणभराचें संकट टळतें व शरीर निवतें. पंधरा दिवसांची धांवपळ, अपुरी झोंप आणि पैशाची ओढाताण मात्र त्याला निवूं देत नाहीं. मग सांडलेली वाटीही संकटच वाटूं लागते.

हा भार सर्वांवर सारखा नसतो. केंद्र सरकारनें २०१९ सालीं केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणींत असें आढळलें कीं, घरचें विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवीत होत्या. तें काम करणारे पुरुष ९७ मिनिटें. हा नेहमींच्या दिवसांचा हिशेब झाला. सणाची भर त्यावर पडते.

यावर उपाय म्हणजे आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून ती सांगणें. पुष्कळांना हा तुसडेपणा वाटतो. परंतु शेताचा बांध शेजाऱ्याला हुसकावण्यासाठीं नसतो. आपलें पाणी आणि माती वाहून जाऊं नये म्हणून असतो.

मर्यादा सांगावयाची ती आधीं सांगावी. कढईंत तेल तापल्यावर नव्हे. ती आपल्या शक्तीविषयीं असावी, दुसऱ्याच्या दोषाविषयीं नसावी. "तुम्हीं दर वर्षीं येऊन राहतां," असें म्हटलें कीं भांडण झालेंच. "वन्सं, भाऊबीजेला जेवायला जरूर या, यंदा मुक्कामाची सोय मात्र मला झेपणार नाहीं," यांत आग्रहही आहे आणि नकारही. कारणांची लांबण लावूं नये. प्रत्येक कारणावर दुसऱ्यापाशीं तोड असते. ओवाळणी व भेटी यांचा आंकडा घरांत बसून आधींच ठरवावा, आणि त्यासाठीं कर्ज काढूं नये. कामें नांवानिशीं वाटावीं, "कांहीं मदत करूं कां?" असें विचारणाऱ्यापेक्षां पाहुण्यांचीं अंथरुणें आपण होऊन घालणारा नवरा अधिक उपयोगी. नव्या सुनेला सासूपाशीं असें बोलणें सोपें नसतें. तेथें मुलानेंच आपल्या आईशीं बोलावें.

पुढच्या वर्षीं मीं सासूबाईंना सांगितलें कीं, घरीं तीनच जिनसा करीन. बाकीच्या विकत आणूं. त्यांना वाईट वाटलें. दोन दिवस त्या फारशा बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अनारसे मात्र विकतचे नकोत. ते मी करीन, पण थोडेच." त्यांनीं पंचवीस केले, आणि नातवाला शेजारीं बसवून त्याच्याकडून खसखस लावून घेतली. त्यांची हौस त्यांना सोडवत नव्हती, आणि ती सोडावी असें म्हणण्याचा अधिकार मलाही नव्हता. आपली मर्यादा दुसऱ्यानें मानावी असें वाटत असेल, तर दुसऱ्याची ओढही आपण ओळखावयास हवी.

त्या वर्षीं ताटांत जिनसा कमी होत्या. पण अभ्यंगाच्या पहाटे मुलाच्या अंगाला मीं सावकाश उटणें लावलें, आणि तो एकसारखा बोलत होता. श्रोतेहो, यंदा फराळाची यादी कराल तेव्हां तिच्यांतील एखादी ओळ खोडून पाहा, आणि ती कोणाशीं बोलून खोडावयाची, तेंही त्याच दिवशीं ठरवा.