बंद झालेली भरती

डिसेंबर सरता सरता मुंबई-पनवेलकडून निघालेल्या, निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रीघ खालापूरच्या सपाटीवरून बोरघाट चढू लागते, आणि या गाड्या कोठे निघाल्या आहेत हे ज्यास ठाऊक नाही असा माणूस कुंभिवलीच्या परिसरात विरळाच असेल. त्या निघालेल्या असतात भीमेच्या काठच्या कोरेगावाकडे. तेथे १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील सुमारे आठशे शिपायांनी पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर, पाण्याच्या थेंबावाचून, झुंज दिली. तिच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने जो स्तंभ उभारला, त्यावर मुंबईच्या देशी पायदळातील मृतांची ४९ नावे कोरलेली असून त्यांतील २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. उरलेल्या नावांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमानही आहेत. आणि पेशव्यांच्या बाजूने जे हातघाईवर आले त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. या स्तंभावरून गेली कित्येक वर्षे जो वाद चालू आहे, त्यात भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस नाही. एवढेच वाटते की, एका दिवसाच्या लढाईवर आपण जितकी शाई खर्च केली, तिच्या दशांशानेही त्या शिपायांच्या नातवंडा-पणतवंडांची त्याच सरकारने जी वासलात लावली तिच्यावर केलेली नाही.

मुंबईच्या लष्कराचा शिरस्ता बंगालच्या लष्कराहून वेगळा होता. बंगालकडे उत्तरेतील ब्राह्मण-राजपुतांची निवडून भरती होई आणि त्यांचे सोवळे-ओवळे सरकार जपे. मुंबईकडे मात्र कोकण-देशावरील निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत, आणि बढती लायकीवर मिळत असल्याने महार सुभेदाराचा हुकूम वरच्या म्हणविणाऱ्या जातीच्या शिपायास मुकाट्याने पाळावा लागे. गावी ज्याने वतनाच्या नावाखाली सरकारी डाकेचे बोचके डोक्यावर घेऊन मैलोगणती धावावे, वेशीची राखण करावी, मेलेली गुरे ओढावी आणि मोबदल्यात बलुत्याच्या धान्याची वाट पाहावी, त्याच्या हातावर पलटणीत दरमहा रोख पगार पडे, आणि म्हातारपणी पेन्शन मिळे. याहून मोठा लाभ म्हणजे पलटणीची शाळा. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबवड्याचे. ते अशाच लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. ज्या काळी गावातील शाळेच्या ओसरीवरही महार मुलांना जागा नव्हती, त्या काळी छावणीच्या आवारात शिपायांच्या मुलीदेखील अक्षरे गिरवीत होत्या. दापोली आणि महाडजवळचे दासगाव येथे पेन्शनर शिपायांच्या ज्या वसाहती झाल्या, तेथील घरांतून म्हणूनच पोथ्या आणि वर्तमानपत्रे सापडत.

१८५७ च्या बंडानंतर वारे फिरले. हिंदुस्थानातील काही जाती तेवढ्या जन्मजात लढवय्या आणि बाकीच्या निकामी, असा एक सिद्धान्त गोऱ्या सेनाधिकाऱ्यांत रूढ झाला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांची नजर पंजाब आणि नेपाळकडे. मद्रास-मुंबईच्या शिपायांतील पाणी आटले, असे त्यांचे मत. पलटणी जातवार बांधण्याचे ठरले, आणि एकदा जातवार म्हटल्यावर अस्पृश्य सुभेदाराच्या हाताखाली कोण राहणार, हा प्रश्न सरकारनेच उपस्थित करून सरकारनेच निकालात काढला: १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या इंग्रजाने जातिभेदाबद्दल आम्हांस शंभर वर्षे व्याख्याने दिली, त्याने लष्करात तो भेद स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी पक्का केला, ही गोष्ट त्याच्या न्यायबुद्धीचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा शांतपणे विचारात घ्यावी.

तेव्हा तलवार गेली आणि लेखणी आली. महाडजवळील रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले होते. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८९४ साली लष्कराकडे करावयाचा अर्ज तयार केला. त्यात आपली जात मूळची क्षत्रिय, असे प्रतिपादन आहे. ज्यांच्या तीन-चार पिढ्या सरकारसाठी गोळ्या झेलून मेल्या त्यांनी आपले शौर्य सिद्ध करण्यासाठी पुराणकाळापर्यंत मागे जावे, यातच त्या सिद्धान्ताचा जाच कळतो. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी, जे स्वतः बटलरची नोकरी करीत, १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्याच्या नावे अर्ज लिहिला. मागणी फार मोठी नव्हती: लष्कर, पोलीस आणि सरकारी नोकरीतील खालच्या जागा. अर्जाची भाषा मात्र रडकी नाही. तीत जुन्या चाकराने हिशेब मागावा तसा करारीपणा आहे.

असा हिशेब मागण्याची पाळी जगात इतरत्रही आली. अमेरिकेची ३६९वी पलटण काळ्या शिपायांची. गोऱ्यांच्या बरोबरीने लढविण्याची लाज वाटून तिच्या सेनापतींनी ती १९१८ साली फ्रेंचांच्या हवाली केली, आणि फ्रेंचांनी तिला शौर्याची पदके दिली. तेच फ्रेंच १९४४ साली आघाडीवरील आफ्रिकी शिपाई काढून गोरे भरू लागले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला डाकारजवळ तियारोय येथे थकलेला पगार मागणाऱ्या आपल्याच सेनेगाली शिपायांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. इंग्रजांनी वेस्ट इंडीजच्या शिपायांना इटलीतील तारांतो येथे गोऱ्यांचे संडास साफ करावयास लावले, तेव्हा १९१८ च्या डिसेंबरात त्यांनी बंड केले. गरजेपुरते हात धरावे आणि गरज सरताच ते झटकावे, हा सर्व साम्राज्यांचा समान रिवाज दिसतो.

आमच्याकडे त्याची प्रचीती १९१७ साली आली. महायुद्धाने माणसांची चणचण भासू लागताच पंचवीस वर्षांपूर्वी निकामी ठरलेली जात एकाएकी कामाची ठरली, ‘१११वी महार’ या नावाची पलटण उभी राहिली. आणि लढाई संपल्यावर १९२१ साली ती मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी कुलाबा जिल्ह्यातून आणि बाहेरून जे लोक जमले, त्यांत पेन्शनर शिपाई लक्षणीय होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यासमोर लष्करभरतीच्या बंदीचा विषय काढला, तो केवळ जुन्या पराक्रमाच्या आठवणीसाठी नव्हे. भरती बंद होताच पगार, पेन्शन आणि शाळा या तिन्ही वाटा बंद होऊन दापोलीची ती जागती वस्ती कशी मावळत गेली, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या बालपणाची काही वर्षे तेथेच गेली होती.

दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ च्या जुलैत डॉ. आंबेडकर राष्ट्रीय संरक्षण मंडळावर घेतले गेले. त्याच ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पुढे कामठीस दुसरी. येथे कर्जतकरांच्या मनाला एक पेच पडतो, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या पलटणी ज्या सरकारच्या बंदुका घेऊन कवायत करीत होत्या, त्याच सरकारच्या पोलिसांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात, स्वातंत्र्यासाठी भूमिगत होऊन लढणारे कर्जत तालुक्यातील माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. शिपाई झालेला तरुण देशद्रोही नव्हता. त्याला गावच्या वेशीबाहेरून आत येण्याचा जो एक दरवाजा दिसला, तो साहेबाच्या छावणीतून जात होता; आणि तो दरवाजा साहेबानेच दोनदा त्याच्या तोंडावर लावला होता, हे विसरून त्यास निष्ठेचे धडे देणारे बहुधा वेशीच्या आतलेच होते.

या वेळी मात्र लढाई संपल्यावर पलटण मोडली नाही. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंटचे स्वरूप आले, स्वातंत्र्यानंतर ती टिकली, आणि तिच्यात पुढे निरनिराळ्या प्रांतांचे व जातींचे जवान आले. टोपीवरच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. तो नंतर काढून तेथे खंजीर आला. १९४२ साली या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झालेले के. व्ही. कृष्णराव १९८१ साली भारताचे लष्करप्रमुख झाले.