कॉटखालची ट्रंक मोबाइलमध्ये

लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्या कॉटखाली पत्र्याची एक ट्रंक असायचीच. वर ठेवणीतल्या साड्या, मधे लेकरांचे स्वेटर आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घरातले झाडून सगळे कागद. रेशन कार्ड, जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याची पॉलिसी, घरधन्याचं गिरणीतलं ओळखपत्र. गिरगावात पागडीच्या खोल्यांतही तेच. तिथे भाडेपावत्यांचा गठ्ठा सोन्यासारखा जपायचा, कारण खोलीवरचा हक्क सांगणारा मुख्य कागद तोच. घरात कुणालाही काही लागलं की हाक एकीलाच जायची, ‘अगं, माझा दाखला काढून दे गं!’ आणि ती न बघता हात घालून बरोबर तोच कागद वर काढायची.

ट्रंकेचं उगाच कौतुक करायला नको. वाळवी लागायची, पावसाळ्यात कागद दमट व्हायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या कितीतरी घरांत कागदांचा लगदा झाला. पण एक गोष्ट खरी. कागद कुठे आहे, हे घरातल्या एका बाईला नक्की माहीत असायचं.

हल्ली विचारलं की उत्तर मिळतं, ‘सगळं मोबाइलमध्ये आहे.’ बरं, पण कुणाच्या मोबाइलमध्ये? आधार कार्ड मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, लाइट बिल यांच्या ई-मेलवर, मार्कलिस्ट डिजिलॉकरमध्ये, रेशन कार्डाचा फोटो सुनेच्या गॅलरीत शिरा आणि बारशाच्या फोटोंच्या मधोमध. एकच कागद चार ठिकाणी असतो, आणि ऐन वेळी एकाही ठिकाणी सापडत नाही.

दीड लाख घरांचा प्रश्न

ही नुसती पसाऱ्याची तक्रार नाही. आमच्या गिरणगावात यावर घर मिळणं न मिळणं अवलंबून आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक गिरणी बंद पडली. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची असं ठरलं आणि म्हाडाने पहिली मोठी सोडत २८ जून २०१२ ला काढली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास! त्या सगळ्यांची पात्रता ठरवण्यासाठी २०२३ च्या सप्टेंबरात म्हाडाने खास मोहीम सुरू केली. कागद प्रत्यक्ष नेऊन द्यायची सोय होतीच, शिवाय संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅपवरूनही ते चढवता येत होते.

अट साधी दिसते. कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होता, हे दाखवायचं. पुरावा काय? गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा नंबर. चाळीस वर्षांपूर्वीचे, हाताळून हाताळून मऊ झालेले हे कपटे. आणि ते आहेत कुठे? संप चिघळल्यावर कितीतरी कुटुंबं गावी परतली. कोकणात, साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात. म्हणजे ओळखपत्र गावच्या माळ्यावर, पासबुक नालासोपाऱ्याच्या लेकाकडे आणि मृत्यूचा दाखला परळच्या लेकीकडे. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काही जणींचे सासरे किंवा आजोबाही त्या गिरण्यांतले असतील, हे मी धरूनच चाललेय.

त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या चाळीतल्या चार-पाच जणी मोबाइल घेऊन माझ्याकडे यायच्या. एका काकूंचं काम अजून डोळ्यांपुढे आहे. दिराने गावाहून नवऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. फोटो आला, पण तिकीट नंबर काही केल्या वाचता येईना. मोठा करावा तर नुसते ठिपके. दिराला फोन लावला तर तो म्हणतो, ‘मला इथे स्पष्ट दिसतंय की!’ त्याला स्पष्ट दिसत होतं, कारण त्याच्याकडे मूळ फोटो होता. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितला आणि नंबर लख्ख दिसला. काकू म्हणाल्या, ‘अगोबाई, म्हणजे कागद नव्हे, पाठवणंच चुकत होतं!’

त्या महिनाभरात आम्ही जी पद्धत बसवली, ती तुम्हाला सांगते. त्यात अवघड असं काही नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत कसं, बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, प्रत्येक पोत्यावर नाव. तेवढीच शिस्त.

आधी ठिकाण एकच ठरवा

‘क्लाउड’ म्हणजे काही ढगात नाही बरं का! दुसऱ्याच्या मोठ्या संगणकावर आपल्याला मिळालेलं कपाट, एवढाच त्याचा अर्थ. मोबाइल हरवला, पाण्यात पडला, तरी कपाट तिथेच राहतं. अँड्रॉइड मोबाइल असेल तर गूगल ड्राइव्ह बहुधा आधीपासून त्यात असतंच. जागा फुकट मिळते ती १५ जीबी, पण त्यात ई-मेल, फोटो आणि ड्राइव्ह असे तिघे वाटेकरी. आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही याच जागेत मोजला जातो. म्हणजे रोज सकाळची गुलाबाची फुलं आणि सुप्रभात संदेश आपल्या कागदांची जागा खात बसतात. कपाट भरलं की नवीन काही ठेवता येत नाही, ई-मेल यायचीही बंद होते. आयफोनवाल्यांना तर फुकट जागा ५ जीबीच मिळते. तेव्हा आधी व्हॉट्सअ‍ॅपमधले नको ते व्हिडिओ काढून टाका.

ड्राइव्हमध्ये ‘घरचे कागद’ असं एकच फोल्डर करा. त्याच्या आत माणसागणिक एक फोल्डर आणि एक घराचं. बास. फार कप्पे केले की कशात काय ठेवलं ते आठवत नाही. ड्राइव्हमध्येच कागद स्कॅन करायची सोय आहे. उजेडात कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करायचा. मागची बाजू विसरायची नाही, कारण जुन्या कागदांवर शिक्का आणि सही बऱ्याचदा मागेच असते.

मग नाव द्या. मोबाइल आपणहून जे नाव देतो ते नुसते आकडे असतात, त्यावरून कुणाला काय कळणार? आमचा नियम असा: कुणाचा, कसला, कोणत्या वर्षाचा. ‘बाबा लाल पास १९७९’, ‘आई रेशन कार्ड २०१४’. नाव दिलं की शोधताना दोन अक्षरं टाकली तरी कागद समोर येतो.

डिलीट करण्याआधी थांबा

इथे पुष्कळ जणींचा गोंधळ होतो. ‘गूगल फोटोज’मध्ये बॅकअप चालू असताना त्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, तर तो मोबाइलमधूनही जातो आणि वरच्या कपाटातूनही. मोबाइलमध्ये जागा करायची असेल तर तिथे ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. त्याने फक्त मोबाइलमधली प्रत जाते, वरची राहते. चुकून गेलंच, तर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस असतो, ड्राइव्हची फाइल ३० दिवस. त्या आत परत आणता येते. आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आपोआप ‘गूगल फोटोज’मध्ये साठत नाहीत, त्या फोल्डरचा बॅकअप आपल्याला चालू करावा लागतो. म्हणून महत्त्वाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला की त्याच दिवशी ड्राइव्हमध्ये हलवा. व्हॉट्सअ‍ॅप हा पोस्टमन आहे, त्याच्या पिशवीत कुणी दागिने ठेवतं का?

डिजिलॉकरची गोष्ट निराळी. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ते सुरू केलं. त्यात दोन प्रकार आहेत. सरकारी खात्याने किंवा बोर्डाने थेट तिथे दिलेला कागद, म्हणजे ‘इश्यूड’, हा नियमाने मूळ कागदाच्या बरोबरीचा. पण आपण स्वतः चढवलेला फोटो हा फोटोच. गिरणीचा लाल पास किंवा चाळीची भाडेपावती तिथे कुणी देणार नाही. त्यामुळे फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. मोबाइल शोधायला आणि पाठवायला, मूळ कागद दाखवायला. ट्रंक नसली तरी एक फाइल घरात हवीच.

चार कागद, तीन नावं

सगळे कागद एका फोल्डरमध्ये आले की एक गोष्ट दिसते जी ट्रंकेत दिसत नव्हती. एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार प्रकारे! पुरुषांचं निदान आडनावावर तरी भागतं. बायकांचं काय? शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नपत्रिकेत सासरी ठेवलेलं, रेशन कार्डावर हाक मारायचं, आधारवर आणखी वेगळं. वारस म्हणून हक्क सांगायची वेळ येते ती बहुधा विधवेवर किंवा लेकीवर, आणि नेमकी तिचीच ओळख पटवायला कागद अपुरे पडतात. आमच्याकडे आलेल्या एका ताईंना वडिलांचे सगळे पुरावे सापडले होते, पण आपण त्यांची मुलगी हे दाखवणारा कागद माहेरच्या नावाचा, आणि आजचं आधार सासरच्या नावाचं. मधला दुवा म्हणजे लग्नाची नोंद. ती सापडायला आठ दिवस गेले. म्हणून सांगते, फोल्डर तयार झालं की सगळी नावं एकाखाली एक मांडून बघा. जिथे जुळत नाही तिथे लग्नाचा दाखला, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आतापासूनच जोडून ठेवा. हे खिडकीपलीकडच्या साहेबाने सांगायच्या आत आपल्याला कळलेलं बरं.

चावी कुणाकडे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. बायकांच्या कागदांची अडचण निम्म्या वेळा वेगळीच असते. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, ई-मेल मुलाने काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. डिजिलॉकर उघडायचं तर ओटीपी जातो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा कामावर. नवरा गेल्यावर त्याचं सिम बंद पडतं आणि बाईचे स्वतःचे कागदही कुलुपात जातात. ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला असायची, या ट्रंकेची का नको? आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. ई-मेल स्वतःचा हवा, पासवर्ड स्वतःला पाठ हवा.

उलटही तितकंच खरं. किल्ली एकटीकडेच असली तर तिच्यानंतर काय? फोल्डर घरातल्या आणखी एकाला त्याच्या ई-मेलवर शेअर करून ठेवा. फक्त बघता येईल असंही शेअर करता येतं. मात्र ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे. आपण ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातली माहिती मिळते. नाहीतर दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. आणि पासवर्ड एका वहीत लिहून मूळ कागदांच्या फाइलीत ठेवायला लाजू नका. मोबाइलच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीपेक्षा ते केव्हाही बरं.

कागद पाठवतानाही हात आखडता असावा. सोसायटीच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर आधार कार्ड टाकायचं नाही. कुणी मागितलंच, तर ‘मास्क्ड’ आधार चालतं का ते विचारा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात ई-मेल उघडला असेल तर बंद करून, आपली फाइल पुसून मगच उठा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत! त्याआधी प्रत्येक घराला आपण तिथलेच आहोत हे कागदांनीच दाखवावं लागलं. गिरणी कामगारांतल्या बहुतेकांचं घर तर अजून व्हायचंच आहे. तुमच्याकडे वेळ येईल ती कदाचित सातबाऱ्यावर नाव लावायची, पेन्शनची किंवा लेकीच्या प्रवेशाची. वेळ सांगून येत नाही आणि आली की मुदत चार दिवसांची असते.

येत्या रविवारी दुपारी तासभर काढा. सगळं एकदम करायला जाऊ नका, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. त्यांच्याच कागदांची शाई आधी उडते, आणि कुठला कागद कसला हे सांगणारंही घरात तेच एक माणूस असतं. त्यांना शेजारी बसवून विचारत विचारत नावं द्या. कागद तर जमा होतीलच, शिवाय आजवर कुणी न विचारलेल्या चार गोष्टीही ऐकायला मिळतील.