लॅपटॉप बंद, काम चालू!

परवा महिनाअखेरीला भाचीचा फोन आला. "मावशी, लॅपटॉप गेला गं माझा!" माझ्या पोटात धस्स झालं. 2024 च्या पावसाळ्यातलं तिचं रामायण मी जवळून पाहिलेलं.

ती राहते इथे बार्शीत आणि पुण्यातल्या एका कंपनीचं पगारपत्रकाचं काम घरून करते. तेव्हा लाइटच्या ये-जा करण्यानं ऑफिसच्या लॅपटॉपनं मान टाकली. मशीन कंपनीचं, त्यामुळे इथल्या दुकानात उघडायचीही परवानगी नाही. जुना कुरिअरनं पुण्याला, दुसरा तिथून इकडे, मध्ये शनिवार-रविवार... आठ दिवस गेले! बिनपगारी रजा लागली ती लागलीच, वर घरातली बोलणी. "घरात बसून कसली गं नोकरी? बंदच आहे तर पापड तरी लाटून घे." सासूबाई मनानं वाईट नाहीत हो, पण पोरगी नोकरी सोडायच्या विचाराला आली होती.

"अगं, पण ऐक तर," भाची फोनवर म्हणाली, "मी कामालाच बसलेय. भाऊजींच्या जुन्या लॅपटॉपवर."

मी चपला घातल्या आणि बघायलाच गेले.

मी बी. ए. झालेली, मला संगणकातलं कळतं ते मोबाइलपुरतं. तिनं समजावलं ते असं. मायक्रोसॉफ्टनं 2021 साली 'विंडोज 365' आणलं. म्हणजे तुमचा संगणक टेबलावर नसतोच, तो दूर कंपनीच्या मोठ्या यंत्रघरात, ज्याला 'क्लाउड' म्हणतात, तिथे चालतो. आपल्या हातातलं मशीन नुसती खिडकी. नाव ढगाचं असलं तरी ही यंत्रं जमिनीवरच असतात बरं का! मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रं आपल्या पुण्यातही आहेत.

त्यातलाच 2025 मध्ये आलेला प्रकार म्हणजे 'विंडोज 365 रिझर्व्ह'. घरात दुसरा भरलेला सिलिंडर असतो ना, तसा. एका कर्मचाऱ्याला वर्षातले 10 दिवस असा तात्पुरता संगणक वापरता येतो. सलग घ्या किंवा तुकड्यातुकड्यानं. भाचीनं ऑफिसच्या आयटीवाल्यांना फोन केला, त्यांनी तिच्या नावानं तो चालू करून दिला. तिनं दिराच्या लॅपटॉपवर आपला पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेली खूण मान्य केली, की ऑफिसचा पडदा समोर हजर!

अशी पाळी एकट्यादुकट्यावरच येते असंही नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

आता खाचाखोचा. ही सोय कंपनीनं आधी घेऊन ठेवलेली असावी लागते, आपण ऐनवेळी मागून मिळत नाही. तेव्हा घरून काम करणाऱ्या मैत्रिणींनो, लॅपटॉप धडधाकट आहे तोवरच ऑफिसला विचारा. नेट तर हवंच. भाचीकडे लाइट गेली की वायफायही जातं, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गाडा ओढायचा. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे मेलेल्या लॅपटॉपच्या पोटात साठवलेलं या नव्या खिडकीत दिसत नाही. क्लाउडवर ठेवलेलं तेवढंच दिसतं. भाचीच्या दोन फायली अशाच अडकल्या, त्या तिला रात्री जागून पुन्हा कराव्या लागल्या. (आमच्या बचत गटाचं रजिस्टर एका पावसाळ्यात कपाटात भिजलं होतं. पासबुकांवरून हिशेब पुन्हा मांडताना आम्हा तिघींच्या तीन रात्री गेल्या, तेव्हा तिचं दुःख मला बरोब्बर कळलं.) तात्पुरत्या संगणकावरचंही मुदत संपायच्या आत नीट जागी हलवायचं. आणि दुसऱ्याच्या मशीनवरून उठताना लॉगआउट न विसरता!

सासूबाई सगळं दारातून बघत होत्या. "म्हणजे रजा नाही पडली?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर काही न बोलता आत गेल्या आणि भाचीसाठी चहा घेऊन आल्या.

नवा लॅपटॉप सहाव्या दिवशी आला. कंपनीतल्या सगळ्यांचे पगार एक तारखेलाच झाले, भाचीचाही पूर्ण. दिराला त्याचा लॅपटॉप परत मिळाला, कीबोर्डवरची हळद पुसून!