लीएजचे किल्ले आणि ‘जाडी बर्था’

तोफ श्रेष्ठ कीं तट श्रेष्ठ, हा वाद दारूच्या शोधाइतकाच जुना आहे. त्याचा एक निकाल इ. स. १९१४ च्या ऑगस्ट महिन्यांत बेल्जम देशांतील लीएज शहराभोंवतीं लागला. तो कसा लागला व त्यापासून कोणता बोध घ्यावा, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

लीएज शहर म्यूज नदीच्या कांठीं, जर्मनीच्या सरहद्दीपासून जवळच वसलेलें आहे. जर्मनीकडून बेल्जममार्गें फ्रान्सवर जाणाऱ्या सैन्याची वाट येथूनच जाते. ही वाट रोखण्यासाठीं ब्रिआल्मों नांवाच्या नामांकित बेल्जियन सेनानीनें शहराभोंवतीं बारा किल्ल्यांचें कडें योजिलें व १८८८ सालीं त्याच्या बांधकामास आरंभ झाला. हे किल्ले उंच तटांचे नव्हते. ते जमिनींत रुतवून कांक्रीटचे बांधलेले असून त्यांच्या माथ्यावर पोलादी घुमटांखालीं तोफा बसविलेल्या होत्या. वेढा घालणारें सैन्य बरोबर आणूं शकेल अशी मोठ्यांत मोठी तोफ २१ सेंटिमीटर व्यासाच्या नळीची असेल, असें त्या काळीं धरून चालत. आणि तिच्या माऱ्यास पुरून उरेल एवढीच जाडी या किल्ल्यांस देण्यांत आली. शिवाय कांक्रीटमध्यें लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या.

इकडे जर्मनींत एसेन शहरीं क्रुप यांच्या विख्यात पोलादी कारखान्यांत निराळाच हिशेब चालला होता. तेथें प्रथम ४२ सेंटिमीटर व्यासाची एक उखळी तोफ तयार झाली. तिचें वजन सुमारें १५० टन असल्यामुळें ती केवळ आगगाडीनें नेतां येई व जमीन खोल खणून तेथें बसवावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठीं कारखान्यानें तेवढ्याच व्यासाची, परंतु चाकांवर चढविलेली सुमारें ४२ टनांची दुसरी तोफ बनविली. तिचे सुटे भाग यांत्रिक गाड्यांनीं ओढून न्यावयाचे व इष्ट स्थळीं ते जोडून तोफ उभी करावयाची, अशी तिची रचना होती. युद्ध पेटलें तेव्हां अशा दोनच तोफा तयार होत्या. कारखान्याच्या मालकीण बर्था क्रुप यांच्या नांवावरून शिपायांनीं थट्टेनें तिला ‘जाडी बर्था’ म्हणण्यास सुरुवात केली, आणि तेंच नांव जगभर झालें. पुढें १९१८ सालीं सुमारें १२० किलोमीटरांवरून पॅरिस शहरावर गोळे टाकणाऱ्या लांब नळीच्या तोफेसहि लोक याच नांवानें ओळखूं लागले. परंतु ती तोफ अगदीं वेगळी होती.

नळीचा व्यास २१ वरून ४२ झाला, म्हणजे गोळा दुप्पट झाला, असें कोणास वाटेल. परंतु तें बरोबर नाहीं. गोळ्याची लांबी, रुंदी व उंची ही तिन्हीं दुप्पट झालीं, तर त्याचें घनफळ आठपट होतें. म्हणूनच २१ सेंटिमीटरचा गोळा सुमारें शंभर किलोग्रॅमचा, तर ‘बर्थे’चा सुमारें आठशें किलोग्रॅमचा होता! तो नऊ किलोमीटरांहून थोडा अधिक पल्ला गांठी, उंचावरून जवळजवळ सरळ खालीं कोसळे, कांक्रीटमध्यें घुसे, आणि मग फुटे.

४ ऑगस्ट १९१४ रोजीं जर्मन सैन्य बेल्जममध्यें शिरलें. ७ तारखेस शहर पडलें. परंतु किल्ल्यांची शिबंदी हटेना. १२ तारखेच्या सायंकाळीं या दोन तोफांनीं पोंतिस किल्ल्यावर मारा सुरू केला. दुसऱ्याच दिवशीं तो किल्ला शरण आला. इतर किल्ल्यांवर जुन्या २१ सेंटिमीटरच्या तोफाहि धडधडत होत्या. आंतील हवा धुरानें कोंदून शिपाई गुदमरूं लागले, कारण वायुवीजनाची सोय अपुरी होती. १५ तारखेस लोंसां किल्ल्याच्या दारूकोठारांत बर्थेचा एक गोळा शिरला व सारा किल्ला आंतून उडाला. सुमारें साडेतीनशें माणसें एका क्षणांत गतप्राण झालीं. लीएजच्या सर्व किल्ल्यांचे सेनापति जनरल लेमां हे ढिगाऱ्यांत बेशुद्ध सांपडले. आपण शरण गेलों नसून बेशुद्ध असतांना पकडले गेलों, याची नोंद व्हावी, एवढीच त्या वृद्ध योद्ध्याची विनंती होती. दुसऱ्या दिवशीं राहिलेले किल्लेहि पडले.

परंतु जिंकणाऱ्या तोफेचा दिमाखहि फार काळ टिकला नाहीं. १९१६ सालीं व्हर्दूं येथें फ्रेंचांच्या सळया घातलेल्या कांक्रीटच्या किल्ल्यांनीं तिचे गोळे सोसले. नळ्या झिजल्या; कांहीं नळींतच गोळा फुटून निकामी झाल्या; आणि तिच्याहून लांब पल्ल्याच्या तोफांपुढें तिला जवळ जाणें कठीण झालें. युद्ध संपल्यावर एक तोफ अमेरिकेंत नेण्यांत आली, पण पुढें तीहि मोडींत निघाली.

ब्रिआल्मोंचें गणित चुकलें नव्हतें. तें कालच्या तोफेचें होतें. बर्थेचेंहि पुढें तेंच झालें. जो आपलें बळ केवळ कालच्या मापानें मोजतो, त्यास उद्यांचा दिवस फसवितो. आज ती तोफ नाहीं. लोंसांचा भग्न किल्ला मात्र स्मारक म्हणून जपलेला आहे, आणि त्याच्या ढिगाऱ्याखालीं त्या दिवशीं मेलेले पुष्कळसे शिपाई अद्यापि तसेच विसांवले आहेत. तोफ व तट यांच्या वादांत निकाल कोणाच्याहि बाजूनें लागो, त्याची किंमत कोणीं दिली, हें तेथें गेलेल्यास कोणी सांगावें लागत नाहीं.